अंगठी आणि रुमाल : शाळेच्या वर्गात अभिजात नाटक वाचताना

नवी दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून निघून इंडिया गेटच्या परिसराला मिळणाऱ्या कोपर्निकस मार्गाला नाव खगोलशास्त्रज्ञाचे असले, तरी राजधानीत त्याची ओळख नाटकाचा रस्ता अशीच आहे. १९७१ साली सुरू झालेले कमानी सभागृह आणि लिटल थिएटर ग्रुपचे एलटीजी सभागृह याच रस्त्यावर आहेत. रस्त्याच्या तोंडाशी १९६१ साली उभे राहिलेले आणि साहित्य, संगीत नाटक व ललित कला या तिन्ही अकादम्यांना सामावणारे रवींद्र भवन आहे. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर, भगवानदास मार्गावरच्या बहावलपूर हाउसमध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. आणि कामानिमित्त दिल्लीला येणाऱ्या मराठी माणसाच्या परिचयाचे जुने महाराष्ट्र सदनही कोपर्निकस मार्गावरच आहे. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या पट्ट्यात वाढणाऱ्या मराठी घरांतील मुलांना शाळेत शेक्सपिअर अभ्यासावा लागतो, संस्कृत घेतलेल्यांना कालिदासाच्या परंपरेतील नाट्यप्रवेश भेटतात, आणि यातील बहुतेकांचा अभ्यास गाइडमधील सारांश व अपेक्षित प्रश्नांपुरता उरतो. प्रस्तुत लेख अशा विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि घरी बसून मदत करू इच्छिणाऱ्या पालकांसाठी आहे.

प्रथम शब्दांचा हिशेब. 'अभिजात नाटक' या नावाखाली येथे इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातील अथेन्सचे ग्रीक नाटक आणि भास, कालिदास, शूद्रक, विशाखदत्त यांचे संस्कृत नाटक अभिप्रेत आहे. शेक्सपिअर (१५६४ ते १६१६) हा काटेकोर अर्थाने अभिजात नव्हे, तो युरोपातील प्रबोधनकाळाचा नाटककार आहे. पण शाळेच्या कपाटात ही सगळी नाटके एकाच फळीवर असतात आणि त्यांना भिडण्याची रीतही बरीचशी एकच आहे. आयसीएसईच्या वर्गांना 'मर्चंट ऑफ व्हेनिस' व 'ज्युलियस सीझर', आयएससीच्या वर्गांना 'मॅकबेथ' व 'टेम्पेस्ट' ही नाटके नेमली गेली आहेत. एनसीईआरटीच्या 'शेमुषी' या दहावीच्या संस्कृत पुस्तकात दिङ्नागाच्या 'कुंदमाला' नाटकातील राम आणि लव-कुश यांच्या भेटीचा प्रसंग आहे. एकाच विद्यार्थ्याच्या दप्तरात इंग्रजीच्या तासाला एक नाटक आणि संस्कृतच्या तासाला दुसरे असते, मात्र दोन्ही तासांमध्ये भिंत असल्यामुळे एका नाटकाने दुसऱ्यावर प्रकाश पडू शकतो हे त्याला कोणी सांगत नाही.

ही भिंत पाडण्याचे काम मंडी हाउसच्या याच परिसरात एकदा झालेले आहे. १९२५ साली पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी १९६२ पासून १९७७ पर्यंत राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते आणि त्यांच्या शिक्षणक्रमात ग्रीक शोकांतिका, संस्कृत नाटक, शेक्सपिअर आणि आधुनिक भारतीय नाटक ही एकाच नटाच्या तयारीची अंगे होती. रवींद्र भवनाच्या आवारात झाडाखाली उभारलेला 'मेघदूत' हा खुला रंगमंच त्यांच्याच काळातला. धर्मवीर भारतींचे 'अंधा युग' १९६३ साली फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत आणि गिरीश कर्नाडांचे 'तुघलक' १९७४ साली पुराना किल्ल्यात सादर करताना त्यांनी नाटकाला जागा हवी असते, भिंती आणि आकाश हवे असते, हे दिल्लीकरांना प्रत्यक्ष दाखवले. शाळेच्या वर्गाला किल्ला मिळणार नाही. पण बाके मागे सरकवून मिळणारी दहा फूट मोकळी जमीन पुरेशी असते, आणि ती न वापरता नाटक शिकवणे म्हणजे पाण्यात न उतरता पोहणे शिकवण्यासारखे आहे.

संहिता म्हणजे काय

नाटकाचे छापील पुस्तक म्हणजे संहिता, आणि संहिता ही पूर्ण झालेली वस्तू नसून प्रयोगासाठी केलेली योजना असते, हे वाक्य वर्गात पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावे. कादंबरीत पात्र कोठे उभे आहे, त्याचा चेहरा कसा झाला, खोलीत अंधार होता की उजेड, हे लेखक सांगतो. नाटकात ते वाचणाऱ्याला बांधावे लागते. संस्कृत नाटककार याबाबतीत वाचकाला बरीच मदत करतो. 'स्वगत' म्हणजे पात्र मनाशी बोलते व ते फक्त प्रेक्षकाला ऐकू जाते. 'अपवारित' म्हणजे तोंड फिरवून एखाद्यालाच सांगितलेले गुपित. 'जनान्तिक' म्हणजे त्रिपताका नावाच्या हस्तमुद्रेची आड धरून, इतरांना ऐकू जाऊ नये अशा संकेताने दोघांनी बोलणे. आणि 'नेपथ्ये' म्हणजे पडद्याआडून. या चार शब्दांत मंचावरील ऐकण्याचा सारा नकाशा सामावतो. शेक्सपिअरच्या संहितेत अशा सूचना अगदी थोड्या असल्यामुळे विद्यार्थ्याला त्या संवादातून शोधून काढाव्या लागतात: कोणी कोणाचा हात धरला आहे, कोण गुडघ्यावर बसले आहे, कोणाच्या चेहऱ्याचा रंग उडाला आहे, हे दुसऱ्या पात्राच्या बोलण्यातून कळते. म्हणून पहिल्या वाचनात पेन्सिल हाती घेऊन समासात फक्त तीन गोष्टी टिपाव्यात: मंचावर या क्षणी कोण कोण आहे, त्यातले कोण गप्प आहे, आणि हे वाक्य कोणाकोणाला ऐकू जाते. अवघड शब्दांचे अर्थ दुसऱ्या वाचनासाठी ठेवावेत.

गप्प पात्राकडे लक्ष देण्याची सवय विशेष मोलाची आहे, कारण वाचताना ज्याला वाक्य नाही तो आपोआप नाहीसा होतो आणि प्रयोगात मात्र तो सर्वांना दिसत असतो. 'मॅकबेथ'मध्ये राजा डंकनचा खून मंचामागे होतो आणि प्रेक्षकासमोर उरतात ती दोन माणसे, त्यांचे रक्ताळलेले हात आणि दारावर पडू लागलेल्या थापा. या प्रवेशाचे वाचन वर्गात करताना एका विद्यार्थ्याने काहीही न बोलता बाकावर मुठीने थापा द्याव्यात, सुरुवातीला अंतर ठेवून आणि मग जवळजवळ. ज्यांना इंग्रजीतले अर्धे शब्द कळलेले नसतात त्या मुलांनाही त्या प्रवेशाची भीती लगेच कळते. ग्रीक नाटकातही हत्या प्रेक्षकांसमोर घडत नसे, दूत येऊन तिचे वर्णन करी. संस्कृत रंगभूमीचा संकेतही मृत्यू व युद्ध मंचावर न दाखवण्याचा होता आणि अशा घटना 'विष्कंभक' व 'प्रवेशक' या दोन अंकांना जोडणाऱ्या लहान प्रवेशांतून कळवल्या जात. शेक्सपिअरने मात्र 'राजा लियर'मध्ये ग्लॉस्टरचे डोळे प्रेक्षकांदेखत काढले. कोणता नाटककार काय लपवतो आणि काय दाखवतो, हा प्रश्न कोणत्याही नाटकाला विचारता येतो, आणि त्याचे उत्तर गाइडमध्ये सापडत नाही.

खुणेचा माग

शालेय वयाच्या वाचकाला नाटकाच्या रचनेत शिरण्यासाठी सर्वांत चांगली वाट कोणती असेल, तर ती एखाद्या वस्तूचा माग काढण्याची. भाव, विषय, संदेश हे शब्द हातात धरता येत नाहीत. अंगठी आणि रुमाल धरता येतात.

ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या कथानकातील तीन गोष्टींवर भर दिला. पहिली 'प्रमाद', म्हणजे नायकाच्या हातून घडणारी अशी चूक जी दुष्टपणातून आलेली नसते. दुसरी 'विपर्यय', म्हणजे घटनांनी अपेक्षेच्या नेमके उलट वळण घेणे. आणि तिसरी 'अभिज्ञान', म्हणजे अज्ञानातून ज्ञानात येणे, ओळख पटणे. मराठीत हे सारे समजून घेऊ इच्छिणाऱ्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्याला विंदा करंदीकरांचे 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' उपलब्ध आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की 'अभिज्ञान' हा शब्द कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल' या नाटकाच्या नावातच आहे. अथेन्स आणि उज्जयिनी यांच्यात देवाणघेवाण झाली की नाही या वादात शालेय वर्गाने पडू नये. ओळख हरवणे आणि पटणे या अनुभवाभोवती दोन संस्कृतींनी नाटक रचले एवढे पाहणे पुरेसे आहे.

ॲरिस्टॉटलने अभिज्ञानाचे प्रकार सांगताना अंगावरचा व्रण, गळ्यातला दागिना अशा बाह्य खुणेने पटणारी ओळख सर्वांत कमी कलात्मक मानली आणि सोफोक्लीजच्या 'इडिपस'मध्ये घडते तशी, घटनांच्या ओघातूनच उमलणारी ओळख श्रेष्ठ ठरवली. हे माप 'शाकुंतला'ला लावले तर अंगठी कमी दर्जाची ठरेल, आणि नेमका हाच प्रश्न वर्गात चर्चेला टाकावा. चर्चेच्या आधी विद्यार्थ्याने अंगठीचा माग अंकाअंकातून काढावा. चौथ्या अंकाच्या आरंभीच्या विष्कंभकात दुर्वासाचा शाप, म्हणजे खुणेची वस्तू दिसेपर्यंत राजा दुष्यंत शकुंतलेला विसरेल हा, अनसूया आणि प्रियंवदा या दोघी सखींनाच कळतो, शकुंतलेला नाही. पाचव्या अंकात राजसभेत ती अंगठी दाखवायला जाते आणि बोट रिकामे असते. सहाव्या अंकाआधीच्या प्रवेशकात माशाच्या पोटात ती सापडल्यामुळे एक कोळी चोर म्हणून पकडला जातो. अंगठी राजाच्या हाती येते आणि स्मृती परतते, पण शकुंतला तेथे नसते. म्हणजे येथे खूण मिलन घडवत नाही, ती पश्चात्ताप घडवते. मिलनासाठी सातव्या अंकात दुसरी खूण लागते: लहानग्या सर्वदमनाच्या मनगटावरून गळून पडलेला रक्षेचा करंडक दुष्यंत सहज उचलतो, आणि आईबापांखेरीज दुसऱ्या कोणी तो उचलला असता तर त्याचा साप झाला असता हे तापसींकडून त्याला कळते. पहिल्या खुणेने स्मृती दिली, दुसरीने नाते दिले. एवढे वाचून झाल्यावर ॲरिस्टॉटलचे माप योग्य की अपुरे, यावर नववीतला मुलगाही स्वतःचे मत मांडू शकतो.

याला जोडून एक तुलना अवश्य करावी. महाभारतातील शकुंतलेच्या कथेत अंगठीही नाही आणि शापही नाही; तेथे दुष्यंताला सारे आठवत असूनही तो भर सभेत तिला नाकारतो, ती त्याला खडे बोल सुनावते आणि शेवटी आकाशवाणी तिची बाजू घेते. कालिदासाने शाप घालून राजाचा अपराध सौम्य केला, असे म्हणता येते. त्याने त्याच शापाने प्रेमाच्या विस्मृतीचे नाटक शक्य केले, असेही म्हणता येते. दोन्ही म्हणणी पाठाच्या आधारे मांडण्याचा सराव विद्यार्थ्याने करावा. शेक्सपिअरही जुन्या कथांना असाच हात लावत असे: होलिनशेडच्या बखरीत बँको हा मॅकबेथच्या कटात सामील आहे, शेक्सपिअरच्या नाटकात तो नाही. मूळ कथेत काय होते आणि नाटककाराने काय बदलले, हे कळले की नाटककाराचे मन कळते. वर्गात याला स्वतंत्र तास द्यावा इतके त्याचे महत्त्व आहे.

आता 'ऑथेल्लो'मधील रुमाल. स्ट्रॉबेरीच्या वेलबुट्टीचा हा रुमाल तिसऱ्या अंकात ऑथेल्लोची पत्नी डेस्डिमोना हिच्या हातून पडतो, एमिलिया तो उचलते, ती तो आपल्या नवऱ्याला, म्हणजे इयागोला देते, इयागो तो कॅशियोच्या खोलीत टाकतो, कॅशियो वेलबुट्टी उतरवून घेण्यासाठी तो बियांकाकडे देतो आणि बियांका रागाने परत आणून टाकते तेव्हा लपून पाहणाऱ्या ऑथेल्लोला हवा तो पुरावा मिळतो. वर्गाने खरोखर एक रुमाल घ्यावा, सहा मुलांना सहा भूमिका द्याव्यात आणि संवाद न म्हणता फक्त रुमाल त्या क्रमाने हातोहात फिरवावा. फळ्यावर तीन रकाने आखून प्रत्येक वेळी तो कोणाच्या हातात आहे, तो कोठून आला हे त्याला माहीत आहे का, आणि प्रेक्षकाला काय माहीत आहे, हे लिहीत जावे. पाच-सहा ओळींतच दिसू लागते की दुसऱ्या रकान्यात 'नाही' वाढत जाते आणि तिसऱ्या रकान्यात सतत 'होय' असते. पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असल्यामुळे पात्राच्या साध्या बोलण्यालाही जो दुहेरी अर्थ येतो, त्याला 'नाट्यात्म उपरोध' म्हणतात. ही व्याख्या पाठ करण्यापेक्षा तो तक्ता एकदा भरणे अधिक उपयोगाचे आहे.

रुमालाबाबत आणखी एक बारकावा आहे आणि तो चाणाक्ष विद्यार्थ्याला नक्की आवडतो. तिसऱ्या अंकात ऑथेल्लो सांगतो की हा रुमाल त्याच्या आईला एका इजिप्ती स्त्रीने दिला होता आणि त्यात जादू आहे. पाचव्या अंकात, खुनानंतर, तोच ऑथेल्लो सांगतो की तो त्याच्या वडिलांनी आईला दिला होता. यातले खरे कोणते? बायकोला धाक घालण्यासाठी त्याने पहिली कथा रचली असेल, की लिहिण्याच्या ओघात ही विसंगती राहून गेली असेल? या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही, पण तो सोडवताना दोन्ही प्रवेश कमालीच्या बारकाईने वाचावे लागतात. अंगठी आणि रुमाल शेजारी ठेवले की दोन्ही नाटकांचे नाते एका दृष्टिक्षेपात येते. शकुंतलेचे म्हणणे खरे आहे आणि तिच्याजवळ पुरावा नाही. इयागोजवळ पुरावा आहे आणि त्याचे म्हणणे खरे नाही. विशाल भारद्वाज यांच्या 'ओंकारा' (२००६) या हिंदी चित्रपटात रुमालाच्या जागी कमरपट्टा आला आहे. वस्तू बदलल्याने काय साधले, हाही विद्यार्थ्याला करता येण्याजोगा लहानसा अभ्यास आहे.

'शेमुषी'तला 'कुंदमाला'चा पाठ या दृष्टीने पुन्हा वाचावा. सिंहासनावर बसलेला राम त्या दोन मुलांना मांडीवर घेतो आणि त्यांचे कुल विचारतो. वडिलांचे नाव विचारल्यावर लव म्हणतो की तपोवनात ते कोणी उच्चारत नाही, आणि कुश म्हणतो की ते आपल्याला माहीत आहे. मग तो जे नाव सांगतो त्याचा अर्थ 'निर्दय' असा असतो, कारण मुलांच्या खोड्यांवर चिडून आई बापाला त्याच शब्दाने आठवते. मुलाच्या तोंडी तो शब्द निरागस आहे, रामाच्या कानी तो आरोप आहे, आणि त्याची वेदना 'स्वगत' या एका सूचनेत बंद आहे. परीक्षेत या पाठावर संधी, समास आणि भाषांतर विचारले जाते, आणि ते यायलाच हवे. पण हा प्रसंग दोन मुलांनी मांडी घालून बसलेल्या तिसऱ्याच्या शेजारी बसून एकदा म्हटला, आणि रामाचे काम करणाऱ्याने त्या शब्दानंतर तीन अंक मोजेपर्यंत गप्प राहायचे ठरवले, तर 'इडिपस'चे मर्मही त्याच तासात शिकवून होते.

कानाने वाचणे

शेक्सपिअरची पात्रे बहुतेक वेळा निर्यमक पद्यात बोलतात, म्हणजे ओळीअखेर यमक नसते पण दर ओळीत साधारण दहा अक्षरे आणि त्यांपैकी पाचांवर आघात असतो. मराठी कानाला लघु-गुरू कळतात, पण ते उच्चाराला लागणाऱ्या वेळेचे माप आहे. इंग्रजीतले माप आघाताचे आहे. हा फरक न सांगितल्यामुळे अनेक मुले ओळ श्लोकासारखी चालीवर म्हणू लागतात. उपाय सोपा आहे: बाकावर बोटाने पाच ठोके द्यावेत, ओळ त्यावर बसवावी, आणि जेथे ती बसत नाही तेथे थांबून पात्राचे मन का विस्कटले आहे ते पाहावे.

पद्य आणि गद्य यांची अदलाबदल तर अर्थाचा दरवाजाच उघडते. 'ज्युलियस सीझर'च्या तिसऱ्या अंकातील दुसऱ्या प्रवेशात ब्रूटस रोमच्या लोकांसमोर गद्यात बोलतो आणि त्यानंतर अँटनी पद्यात. ब्रूटसचे गद्य तोलून मापून केलेले, युक्तिवादाचे आहे. अँटनीचे पद्य जमावाच्या भावनेत उतरते, आणि कटवाल्यांना लावलेले 'सन्माननीय' हे एकच विशेषण तो पुन्हा पुन्हा उच्चारून त्याचा अर्थ हळूहळू उलटा करतो. हा प्रवेश वर्गात करताना दोन वक्ते आणि उरलेला सारा वर्ग जमाव, अशी वाटणी करावी. जमावाला थोडीच वाक्ये आहेत, पण तो पाहता पाहता कसा बदलतो हाच तर विषय आहे. लाजरी मुले जमावात बिनधास्त ओरडतात, हा या वाटणीचा आणखी एक फायदा. शिक्षकाने त्या विशेषणाच्या प्रत्येक उच्चाराशी वाचन थांबवून आत्ता तो शब्द खरा आहे की खोटा, असे जमावाला विचारावे.

संस्कृत नाटकात भाषाच पात्राची पायरी सांगते. राजा आणि ब्राह्मण संस्कृत बोलतात, स्त्रिया आणि विदूषक प्राकृत बोलतात, आणि गद्यात शौरसेनी बोलणाऱ्या स्त्रिया पद्य गाऊ लागल्या की ते महाराष्ट्री प्राकृतात असते, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत. शाळेच्या पुस्तकांत प्राकृताखाली संस्कृत छाया छापलेली असते आणि मुले तीच वाचून पुढे जातात. निदान एका गाथेचे मूळ प्राकृत रूप मोठ्याने वाचावे, कारण त्यातले काही शब्द मराठी मुलाला छायेपेक्षा आधी ओळखू येतात. विदूषकाने ब्राह्मण असूनही प्राकृत का बोलावे आणि शकुंतला शिकलेली असूनही तिने संस्कृत का बोलू नये, हा प्रश्न मुलीच बहुधा विचारतात. त्याला बगल देऊ नये.

मराठीची शिडी

मराठी विद्यार्थ्याजवळ दीडशे वर्षांचा एक ठेवा आहे आणि दिल्लीसारख्या ठिकाणी तो जवळजवळ न वापरलेला राहतो. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली 'ऑथेल्लो' मराठीत आणले. गोपाळ गणेश आगरकरांचे 'विकारविलसित', म्हणजे 'हॅम्लेट', १८८३ साली प्रसिद्ध झाले. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली 'झुंजारराव'मध्ये ऑथेल्लोला मराठी पोशाख दिला, आणि याच देवलांनी शूद्रकाचे 'मृच्छकटिक' संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आणले. त्याआधी १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात झाले होते. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींचा हॅम्लेट पाहायला लोक पुन्हा पुन्हा जात. पुढे वि. वा. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट' लिहिले, विंदा करंदीकरांनी 'राजा लिअर' आणि मंगेश पाडगावकरांनी 'वादळ', 'ज्युलियस सीझर' व 'रोमिओ आणि ज्युलिएट' मराठीत आणले.

हे साहित्य वापरण्याची रीत अशी. नेमलेला प्रवेश आधी मराठी अनुवादात घरी मोठ्याने वाचावा, शक्य तर आजी-आजोबांबरोबर भूमिका वाटून घेऊन, कारण दिल्लीत वाढलेल्या मुलाला मराठी नाट्यभाषेचा लहेजा त्यांच्याकडूनच मिळतो. मग इंग्रजी मूळ वाचावे. आणि तिसऱ्या वेळी दोन्ही शेजारी ठेवून फक्त पाच ओळी निवडाव्यात व अनुवादकाने काय सोडले, काय घातले, ते लिहावे. पूर्ण प्रवेशाची तुलना करण्याचा मोह टाळावा. पाच ओळी पुष्कळ होतात. लॅम्ब भावंडांनी १८०७ साली गद्यात सांगितलेल्या शेक्सपिअरच्या गोष्टी कथानक कळावे म्हणून पहिल्या संध्याकाळी वाचायला हरकत नाही, पण त्यात नाटक उरलेले नाही, फक्त गोष्ट उरली आहे.

अनुवादात पात्रांची नावे आणि प्रदेश मुळाप्रमाणे राहतात. रूपांतरात ती बदलून कथा आपल्या भूमीवर येते. रूपांतराचे नावच कधी कधी टीकाकाराचे काम करते. आगरकरांनी हॅम्लेटच्या नाटकाला विकारांचा विलास म्हटले, म्हणजे मनाच्या क्षोभावर बोट ठेवले. 'टेमिंग ऑफ द श्रू'ला वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी 'त्राटिका' म्हटले, आणि रामाने मारलेल्या राक्षसीचे नाव एका फटकळ मुलीला देताच तिच्याबद्दलचा निवाडा पडदा उघडण्यापूर्वीच झाला. आजच्या वर्गात त्या नावावर वाद झाला पाहिजे, तसाच 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधील शायलॉकच्या वागवणुकीवरही. शिरवाडकरांचे १९७० सालचे 'नटसम्राट' हे अनुवादही नव्हे आणि रूपांतरही नव्हे. लियरची सावली घेऊन उभे राहिलेले ते स्वतंत्र नाटक आहे. लियरच्या नाटकात राणी कोठेच नाही, तर 'नटसम्राट'मध्ये गणपतराव बेलवलकरांच्या शेजारी त्यांची पत्नी कावेरी आहे. या एका फरकाने म्हातारपणाचे दुःख कसे बदलते, यावर दोन परिच्छेद लिहायला सांगितले तर विद्यार्थी 'राजा लियर'कडे कुतूहलाने वळतो.

उत्तर लिहिताना आणि प्रयोग पाहताना

परीक्षेतील उत्तराचा सर्वांत मोठा दोष म्हणजे कथानक पुन्हा सांगणे. परीक्षकाला ते माहीत असते. उतारा दिलेला असेल तर तो कोणी कोणाला उद्देशून म्हटला एवढ्यावर न थांबता, त्या वाक्याआधी मंचावर काय स्थिती होती आणि त्या वाक्यानंतर काय बदलले, हे आरंभी एका वाक्यात लिहावे. मग आधार म्हणून अंक व प्रवेश सांगून एखादा नेमका शब्द, एखादी वस्तू किंवा एखादे मौन दाखवावे. मॅकबेथ महत्त्वाकांक्षी होता असे लिहिणाऱ्याला थोडे गुण मिळतात. खुनानंतर त्याच्या हातात सुरे तसेच राहून गेले आणि ते परत ठेवून यायला त्याच्या बायकोला जावे लागले, हे दाखवणाऱ्याचे उत्तर उभे राहते. पेन्सिलीने समासात केलेल्या त्या तीन नोंदी येथे कामाला येतात.

प्रयोग पाहण्यासाठी मंडी हाउसच्या मेट्रो स्थानकावर उतरावे. ब्लू आणि व्हायोलेट या दोन्ही मार्गिका तेथे येतात. रवींद्र भवनातील साहित्य अकादमीच्या ग्रंथालयात मराठीसह अनेक भारतीय भाषांतील पुस्तके आहेत, आणि संगीत नाटक अकादमीचा ध्वनी व चित्रफितींचा संग्रहही त्याच वास्तूत आहे. शाळेने पत्र देऊन आधी विचारणा करावी आणि मग मुलांना न्यावे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या रंगमंडळाने १९७९ साली ब. व. कारंतांच्या दिग्दर्शनाखाली 'मॅकबेथ' यक्षगानाच्या अंगाने 'बरनम वन' या नावाने केले होते. तसा प्रयोग रोज मिळत नाही, पण नेमलेल्या नाटकाचाच प्रयोग मिळाला पाहिजे असा हट्टही धरू नये. कोणत्याही भाषेतले चांगले नाटक पाहताना विद्यार्थ्याने बोलणाऱ्या नटाकडे न पाहता पाच मिनिटे ऐकणाऱ्या नटाकडेच पाहावे. मध्यंतरात मंचावरची एक वस्तू निवडून ती आतापर्यंत कोणाकोणाच्या हातातून गेली ते तिकिटाच्या मागे लिहावे, आणि घरी परतल्यावर पाठ्यपुस्तकातील नेमलेला प्रवेश उघडून त्यातही अशी वस्तू आहे का, ते त्याच रात्री पाहावे.